गायींचा क्षयरोग: रक्तातील प्रतिपिंडांवर निदान करावे का?

दावणवाला (मूळ धागा):
गायींच्या क्षयरोगाची तपासणी आजही मुख्यतः कातडीवर होते. मानेवर दोन जागचे केस कापायचे, एकीकडे पक्ष्यांच्या आणि दुसरीकडे गायींच्या क्षयजंतूंचे ट्युबरक्युलिन (जंतूंपासून काढलेली प्रथिने) टोचायचे, 72 तासांनी कॅलिपरने कातडीची घडी मोजायची. गायींच्या ट्युबरक्युलिनची सूज दुसरीपेक्षा 4 मिलिमीटरहून अधिक भरली की जनावर बाधित धरायचे. तिसऱ्या दिवशी तीच बुजलेली जनावरे पुन्हा धरताना काय होते, हे धरणाऱ्यालाच ठाऊक. प्रतिपिंडे, म्हणजे जंतूंविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिने, शोधणाऱ्या एलायझा या रक्तचाचणीला एकदाच काढलेले रक्त पुरते. मोठ्या कळपांत आणि गोशाळांत हीच मुख्य चाचणी असावी, असे माझे मत आहे.

निवृत्त पशुवैद्य:
अडचण खरी, उपाय चुकीचा. या रोगात शरीर आधी पेशींच्या मार्गाने लढते. प्रतिपिंडे बहुधा रोग बळावल्यावर दिसतात. नुकतीच बाधा झालेली कालवड एलायझात निर्दोष ठरेल आणि मालक ती निर्धास्तपणे दुसऱ्याच्या गोठ्यात विकेल. गॅमा इंटरफेरॉनची, म्हणजे जंतू ओळखून रक्तपेशी सोडतात ते द्रव्य मोजणारी, चाचणी बाधा लवकर पकडते, पण तिला ताजे रक्त लागते. आडगावाहून ते वेळेत प्रयोगशाळेत पोहोचवणे हे निराळेच दुखणे आहे.

दावणवाला:
उशिरा दिसतात म्हणूनच मला ती हवीत. रोग फार बळावलेली गाय कधीकधी ट्युबरक्युलिनला दादच देत नाही, कातडी सपाट राहते, आणि जंतू मात्र तीच सर्वाधिक पसरवत असते. शिवाय ट्युबरक्युलिन टोचल्यावर 10 ते 30 दिवसांत बाधित जनावरांची प्रतिपिंडे वाढतात. त्या काळात रक्त घेतले तर एलायझाची पकड सुधारते. ‘मुख्य’ हा शब्द मागे घेतो, ‘जोडीची’ म्हणतो.

खिल्लारप्रेमी:
दोघांनी निदानापाशीच थांबू नये. ब्रिटन-आयर्लंडमध्ये बाधित जनावर कापले जाते आणि मालकाला भरपाई मिळते. महाराष्ट्रात गोहत्येला 1976 च्या कायद्याने बंदी आहे, 2015 पासून बैलही त्यात आले. देशभरातील अभ्यास एकत्र करून 2018 मध्ये काढलेला अंदाज 7.3 टक्के, म्हणजे सुमारे 2 कोटी 18 लाख बाधित जनावरांचा होता. इतक्यांना वेगळा गोठा, वेगळी गव्हाण कोण देणार? चाचणी सुधारून हातात फक्त यादी येईल.

निवृत्त पशुवैद्य:
तुमच्याच मुद्द्याने माझे मत थोडे हलले. तिकडे बाधित गाय म्हातारी होण्याआधीच कळपातून जाते. आपल्याकडे ती वर्षानुवर्षे दावणीला राहते, त्यामुळे कातडीला न सापडणारी जुनाट जनावरे इथे अधिक असणार, असे मला वाटते. म्हणून गोशाळेत ट्युबरक्युलिननंतर पंधरवड्याने रक्त घ्यावे, आणि त्यात सापडलेल्या जनावराचा किमान हौद तरी निराळा करावा. मात्र एलायझा नकारार्थी आली एवढ्यावर विक्रीचा दाखला देण्याला माझा विरोध कायम आहे.