दिवाळी अंकांच्या कामासाठी पहिलाच जुळवलेला डेस्कटॉप : ४५ हजारांत काय घ्यावे?

अक्षरजुळणी_कळवा

नमस्कार. मी कळव्याला राहते आणि घरूनच पुस्तकांची व दिवाळी अंकांची मांडणी करून देते. सध्याच्या लॅपटॉपमध्ये ४ जीबी रॅम असून ती बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असल्यामुळे वाढवता येत नाही. तीनशे पानांच्या फाइलमध्ये एक चित्र सरकवले, तरी पुढची सगळी पाने पुन्हा जागेवर येईपर्यंत माझा चहा करून होतो. ऑगस्टमध्ये अंकांचे काम सुरू होण्याआधी सुटे भाग घेऊन डेस्कटॉप जुळवावा, असा विचार आहे. खर्चाची मर्यादा ४५ हजार रुपये असून कीबोर्ड, माउस आणि केवळ व्हीजीए (जुन्या पद्धतीची) जोडणी असलेला मॉनिटर जुनाच वापरणार आहे.

ठाण्यातील एका दुकानाने आय५-१२४००एफ प्रोसेसर, एच६१० मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, ५०० जीबी एसएसडी आणि एसएमपीएससह (यंत्राला वीज पुरवणाऱ्या डब्यासह) येणारे कॅबिनेट असे कोटेशन दिले आहे. "ग्राफिक्स कार्ड पुढे बघू," असे ते म्हणाले. यात काही खटकते का?

घोडबंदरकर

ताई, कोटेशनमधील एक अक्षर खटकते, आणि ते म्हणजे प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी असलेले 'एफ'. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावात 'एफ' असते, त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते. त्यामुळे 'कार्ड पुढे बघू' म्हणून हे यंत्र आपण घरी आणले, तर मदरबोर्डावर व्हीजीए असूनही पडद्यावर काहीच उमटणार नाही. दुकानदाराने हे सांगायला हवे होते. आपण साधा आय५-१२४०० मागावा. गाभे (कोअर) तेवढेच, म्हणजे सहा, आणि पानांच्या मांडणीला लागते तेवढे ग्राफिक्स त्यात आहे. वेगळ्या कार्डाची आपल्या कामाला गरजच नाही, तेव्हा ते पैसे रॅम आणि एसएमपीएसकडे वळवावेत.

मदरबोर्ड एच६१०च राहू द्या, मात्र मागे व्हीजीए असलेलाच निवडा. या प्रोसेसरसाठी डीडीआर४ आणि डीडीआर५ असे दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात, पण एका प्रकारची रॅम दुसऱ्या प्रकारच्या खाचेत बसत नाही. म्हणून बोर्ड आणि रॅम एकाच वेळी, खोक्यावरचे वाचूनच घ्यावेत.

कॅबिनेटबरोबर येणाऱ्या एसएमपीएसबद्दल मी जरा हट्टाने लिहितो, कारण मला त्याचा चटका बसला आहे. पावसाळ्यात आमच्याकडे दिवसातून तीन-चार वेळा वीज जायची. अशाच एका संध्याकाळी वीज परत आली आणि कॅबिनेटमधून करपल्यासारखा वास आला. एसएमपीएस तर गेलाच, सोबत मदरबोर्डही गेला. त्यावर ५०० वॅट छापलेले होते, पण हातात घेतला तर रिकाम्या डब्याइतका हलका. आपले यंत्र भर कामातही २०० वॅटच्या आसपासच राहील, तेव्हा मोठ्या आकड्यामागे न लागता नावाजलेल्या कंपनीचा, '८० प्लस ब्राँझ' प्रमाणपत्र असलेला ४५० वॅटचा वेगळा एसएमपीएस घ्यावा. ते प्रमाणपत्र खरे तर विजेच्या कार्यक्षमतेचे आहे, टिकाऊपणाचे नव्हे. म्हणून वॉरंटी किती वर्षांची आहे, हेही पाहावे.

नेरुळ_सेक्टर

वरील मतांशी सहमत आहे. रॅमबाबत मात्र नेहमी दिला जाणारा '८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्या' हा सल्ला येथे मला पटत नाही. दोन पट्ट्यांमुळे रॅमचा वेग वाढतो आणि अंगभूत ग्राफिक्सवर खेळ खेळणाऱ्यांना तो जाणवतो, हे खरे. पण एच६१० बोर्डावर बहुधा दोनच खाचा असतात, आणि मोठ्या फाइली हाताळणाऱ्याला वेगापेक्षा जागा महत्त्वाची. १६ जीबीची एकच पट्टी घेऊन दुसरी खाच मोकळी ठेवावी, म्हणजे पुढे तशीच आणखी एक घेता येईल.

एसएसडी एनव्हीएमई या वेगवान प्रकारचीच आहे ना, हे विचारून घ्यावे. तशाच दिसणाऱ्या साटा एसएसडीचा वेग सेकंदाला साधारण ५५० एमबीपाशी थांबतो. लॅमिंग्टन रोडलाही एकदा भाव काढून यावे. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले की बाजार चालत गाठता येतो. बिल जीएसटीचे आणि प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहिलेले असावे, नाहीतर वॉरंटीच्या वेळी वाद होतो.

अक्षरजुळणी_कळवा

आपणा दोघांचे मनापासून आभार. 'एफ' नसलेला प्रोसेसर, १६ जीबीची एक पट्टी आणि वेगळा एसएमपीएस घेतला; ग्रँट रोडला जाऊन, घासाघीस करून सगळे ४३ हजारांत बसले. काल रात्री जोडणी केली तेव्हा पंखे फिरले, पण पडदा काळाच राहिला. रॅम दोनदा काढून पुन्हा बसवली, दोन्ही बाजूंनी 'खट्' असा आवाज येईपर्यंत दाबली, तरीही काही नाही.

शेवटी मोबाइलचा टॉर्च लावून बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात पाहिले, तेव्हा प्रोसेसरला वीज देणारी आठ पिनांची वायर लावायचीच राहिली आहे, हे लक्षात आले. मोठी चोवीस पिनांची लावली की झाले, अशी माझी समजूत होती. आता तीच तीनशे पानांची फाइल उघडून चित्र सरकवले आहे, आणि चहाला उठायला सवड मिळालेली नाही.