मदत हवी आहे: गोळीचा असर लवकर का उतरतो?

बाबांना पार्किन्सन्स होऊन सहा वर्षं झाली. मेंदूच्या 'सबस्टॅन्शिया नायग्रा' या भागातल्या डोपामिन (हालचालींसाठी लागणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी मरत जातात आणि हाताला कंप सुटेपर्यंत त्यांतल्या साधारण निम्म्या गेलेल्या असतात, हे वाचून पोटात खड्डाच पडला. लेव्होडोपाची (मेंदूत जाऊन जिचं डोपामिन बनतं ती) गोळी आधी पाच-सहा तास पुरायची. आता तीन तासांतच पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. डोपामिन साठवायला पेशीच कमी उरल्यात, असं डॉक्टर म्हणाले. ते पटलं. पण जेवणातली प्रथिनंही गोळीच्या आड येतात ना? तुमच्या घरी गोळी आणि जेवणात किती अंतर ठेवता? पाय अडकले की ओढायचं नाही, एवढं कळलंय. मग नेमकं काय करता? पुढची तपासणी महिन्याने आहे, तोवर मी रोजच्या वेळा लिहून ठेवतेय.