घरच्यांच्या सांगण्यावरून रुग्णापासून निदान लपवणे: अपाय टाळणे की अपाय करणे?

धागा मांडणारा, फोंडा

माझे वडील गेल्या वर्षी चवथीनंतर (गणेश चतुर्थीनंतर) दोन महिन्यांनी वारले. ते निवृत्त प्राथमिक शिक्षक होते आणि त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाला होता. एका खासगी इस्पितळातल्या डॉक्टरांनी बायोप्सीचा अहवाल माझ्या हातात दिला, तेव्हा वडील दाराबाहेर बाकड्यावर बसले होते. "त्यांना सांगू नका, ते खचतील," असे मीच म्हणालो आणि डॉक्टरांनी एकही प्रश्न न विचारता मान डोलावली. पुढचे पाच महिने घरात 'पित्तनलिकेची सूज' हेच शब्द चालले. फाइलवरचे विभागाचे नाव त्यांना दिसू नये म्हणून मी तिला खाकी कागदाचे वेष्टन घातले. वडिलांनी त्यावरून बोट फिरवले आणि कोपरे नीट दुमडलेले नाहीत एवढेच म्हणाले.

चवथ झाल्यावर एकदा, गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या माटोळीविषयी ते म्हणाले, "पुढच्या वर्षी माटोळी कोण बांधील ते आताच ठरवूया." आम्ही सगळ्यांनी त्यांना अभद्र बोलू नका म्हणून गप्प केले. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

माझी विधवा आत्या आमच्याकडेच राहते. तिच्या नावावर काहीतरी करायचे, असे वडील पूर्वी बोलत असत. गोव्याच्या कायद्याप्रमाणे मुले असलेल्या माणसाला आपल्या वाट्याच्या अर्ध्या भागाचीच व्यवस्था मृत्युपत्राने करता येते आणि ते नोटरीपुढे करावे लागते. म्हणजे त्यासाठी माणसाला वेळ थोडा आहे हे ठाऊक असायला हवे. मृत्युपत्र राहून गेले. रुग्णाला अपाय करू नये, हे वैद्याचे पहिले कर्तव्य मानतात. मग माझ्या एका वाक्यावर गप्प राहणाऱ्या डॉक्टरांनी ते पाळले की मोडले? माझा दोष मला मान्य आहे, पण त्यांनी मला थांबवायला हवे होते असे मला वाटते.

निवृत्त फिजिशियन, मडगाव

आपले दुःख समजते, तरी आपल्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात वैद्याला स्पष्ट सांगितले आहे की मरणाची लक्षणे दिसली तरी न विचारता ती बोलू नयेत. आणि पुढे, 'पृष्टेनापि न वक्तव्यं तत्र यत्रोपघातकम्', म्हणजे जिथे सांगण्याने आघात होईल तिथे विचारले तरी सांगू नये. शब्दांनीही अपाय होतो, हे आपल्या परंपरेने फार पूर्वी ओळखले होते. आजची नियमावलीही तेवढी एकतर्फी नाही. भारतीय वैद्यक परिषदेचे 2002 चे नियम म्हणतात की आजाराचे गांभीर्य डॉक्टरने वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये. पण त्याची माहिती 'रुग्णाला, त्याच्या नातेवाइकांना किंवा जबाबदार मित्रांना' असावी, असे तिथे लिहिले आहे. त्यातला 'किंवा' विनाकारण आलेला नाही.

केपे भागातल्या एका बागायतदाराला मी स्वतः निदान सांगितले होते. त्याने त्या दिवसापासून उपचार नाकारले, जेवण टाकले आणि पोफळींकडे पाठ करून खाटेवर पडून राहिला. तो आजाराने गेला की माझ्या वाक्याने, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. ओपीडीत दाराशी रांग लागलेली असताना दहा मिनिटांत मृत्यूची बातमी द्यायची आणि पुढच्या रुग्णाला आत बोलवायचे, याला मी सत्यनिष्ठा म्हणणार नाही. डॉक्टर घरी जातो. संध्याकाळी त्या माणसाजवळ बसायचे असते ते घरच्यांना. मग त्यांचे का ऐकू नये?

परिचारिका, डिचोली

डॉक्टर, आपण दिलेल्या वचनात 'तत्र यत्र' आहे, म्हणजे तिथे एक अट आहे. आघात होईल की नाही हे वैद्याने रुग्णाकडे बघून ठरवायचे आहे. इथे ते मुलाने ठरवले आणि रुग्णाशी कोणी बोललेच नाही. शिवाय ते वचन समोर येऊन ठेपलेल्या मरणाविषयी आहे. कर्करोगाचे प्रत्येक निदान म्हणजे मरणाचा निरोप नव्हे, अनेक कर्करोग वेळेवर उपचार केल्यास बरे होतात. त्या उपचारांना संमती द्यायची ती कशाला, हेच रुग्णाला ठाऊक नसेल तर त्या सहीला काय अर्थ उरतो?

2008 च्या समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर निकाल दिला. तपासणीसाठी भूल दिलेल्या सज्ञान स्त्रीचे गर्भाशय तिच्या आईच्या संमतीने काढले होते आणि ती संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. आईची सही चालत नाही, तर मुलाचा शब्द कसा चालेल?

वॉर्डात मी रोज पाहते की रुग्णाला कळलेले असतेच. शेजारच्या खाटेवरच्या बाईचे केस का गेले, हे विचारायला फारसे शिक्षण लागत नाही. एक आजी मला इंजेक्शनच्या वेळी हळूच म्हणाल्या, "मला ठाऊक आहे, पण माझ्या मुलाला सांगू नकोस, तो घाबरेल." मुलाने तेच वाक्य आदल्या दिवशी मला आईविषयी सांगितले होते.

मुलगी, म्हापसा

माझ्या आईला आम्ही शेवटपर्यंत सांगितले नाही आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. शस्त्रक्रियेआधी तिने देवीला कौल लावला, उजवा, म्हणजे अनुकूल, कौल मिळाला आणि ती निश्चिंत झाली. पुढचे अकरा महिने ती स्वयंपाकघरात बसून सोलकढीत मीठ किती घालायचे ते सांगत राहिली. तिने एकदाही विचारले नाही. ज्याला जाणून घ्यायचे नाही, त्याच्यावर जाणण्याची सक्ती करणे हाही अपायच आहे. मृत्युपत्रासाठी माझ्या आईच्या मनाची शांतता मी मोडली नसती.

निवासी डॉक्टर, बांबोळी

डॉक्टरांच्या बाजूची ही सवय बदलू शकते, याला इतिहास साक्षी आहे. अमेरिकेत 1961 च्या पाहणीत सुमारे 90 टक्के डॉक्टरांचा कल कर्करोग न सांगण्याकडे होता. 1979 मध्ये तशाच पाहणीत 97 टक्क्यांनी सांगणे पसंत केले. मला शिकवले गेले ते असे, की निदान हाती येण्याआधीच रुग्णाला विचारायचे: अहवालाबद्दल सगळे तुम्हाला सांगू की घरच्यांपैकी कोणाशी बोलू? म्हापशाच्या ताईंच्या आईंनी कदाचित 'मुलीशी बोला' म्हटले असते, आणि मग मीही मौन पाळले असते. लपवण्याची परवानगी द्यायची असेल तर ती रुग्णाने द्यावी.

आणखी एक. सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाने, आणि 2023 मध्ये सोप्या केलेल्या पद्धतीने, अखेरच्या अवस्थेत कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क आपल्याला मिळाला आहे. तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठावर असलेल्या न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी 2024 मध्ये आपले असे इच्छापत्र नोंदवले. पित्तनलिकेची सूज आहे असे समजणारा माणूस ते कशाला लिहील?

धागा मांडणारा, फोंडा

म्हापशाच्या ताई, तुमच्या आईंविषयी मी काहीच म्हणणार नाही. त्यांनी विचारले नाही. माझ्या वडिलांनी विचारले होते, त्यांच्या पद्धतीने, माटोळीचे नाव घेऊन. तो प्रश्न होता हे मला सात महिन्यांनी समजले.

मडगावच्या डॉक्टरांनी विचारले की संध्याकाळी त्या माणसाजवळ कोण बसते. आम्ही बसत होतो. रोज, चौघे-पाच जण. टीव्ही मोठ्या आवाजात लावलेला असायचा, कारण मध्येच शांतता झाली आणि त्यांनी काही विचारले, तर काय बोलायचे हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते.