म्युनिकजवळ गाड्या नसलेला जंगलातला खडीचा सायकल रूट हवा आहे (शेवटी तळं असेल तर उत्तम)

सातारची_लेक:
नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. बाबा मे अखेरीस साताऱ्याहून आमच्याकडे म्युनिकला येतायत. वय ६६, अजूनही रोज पहाटे सायकल काढून शेंद्र्यापर्यंत जाऊन येतात आणि मूड असला की यवतेश्वरचा घाट पण चढतात, त्यामुळे दमाचा प्रश्न नाही. प्रश्न आहे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचा. मागच्या वेळी आले होते तेव्हा इथल्या सायकल लेनमध्ये घातलं त्यांना, तर प्रत्येक चौकात नजर आपसूक उलटीकडे जायची, मागून कोणी ना कोणी घंटी वाजवत घासून जायचा, शेवटी म्हणाले "पोरी, मला रस्ता नको, एखादी पाणंद बघ".

तर पाणंद शोधतेय. आम्ही सॉल्नला राहतो, शहराच्या दक्षिण टोकाला. गाड्या जवळपास नकोतच, खडी-मुरूम चालेल, उलट तेच हवंय, शेवटी पाणी असावं कारण बाबांना पाण्याकाठी डबा उघडायचा असतो, ३० किमीच्या आत, आणि कंटाळा आला तर ट्रेनने परत येता यावं. स्टार्नबर्गच्या तळ्याची पूर्ण प्रदक्षिणा साधारण ४९ किमी आहे, अर्धी करावी असं डोक्यात होतं, पण ऑफिसातली एक जण म्हणाली रविवारी तिकडे फिरकू नकोस. का ते काही बोलली नाही.

भाड्याने ग्रॅव्हल बाईक (खडीवर चालणारी, वळलेल्या हँडलची) घ्यावी का साधी ट्रेकिंग सायकल? बाबांना खाली वळलेलं हँडल आवडत नाही, मेंढ्याची शिंगं म्हणतात त्याला. आणि बाबा शुद्ध शाकाहारी, दारू शिवत नाहीत, मला तर वाटेत बिअरगार्टनशिवाय (झाडांखाली बाकं टाकलेले बिअरचे अड्डे) काही दिसत नाहीये.

खडीवाला:
ताई, प्रदक्षिणा डोक्यातून काढा. तळ्याकाठी शांत असेल असं सगळ्यांना वाटतं आणि म्हणूनच तिथे शांत नसतं. उन्हाळ्यातल्या रविवारी अख्खं म्युनिक काठावर असतं, बाबागाड्या, कुत्री, टॉवेल टाकून पडलेले लोक, आणि काठाची वाट जिथे फक्त चालणाऱ्यांची आहे तिथे तुम्हाला गाड्यांच्या रस्त्यावर यावंच लागतं. इथे शांतता हवी तर ती जंगलात. तळं फक्त मुक्कामाला ठेवा.

सॉल्नला राहता म्हणजे फोर्स्टेनरीडर पार्क तुमच्या दारात आहे. नाव पार्क असलं तरी ते जंगल आहे, एकेकाळी राजघराण्याचं शिकारीचं रान. आत सरळसोट फॉरेस्ट रोड आहेत, त्यांना इथे 'गेरॉइम्ट' म्हणतात, जंगलखात्याच्या आणि लाकडाच्या गाड्या सोडल्या तर बाकी गाड्यांना बंदी. बारीक खडी दाबून बसवलेली, रुंदी एवढी की बाप-लेक शेजारी शेजारी गप्पा मारत जाल. मधून ए-९५ ऑटोबान (मोठा हायवे) जातो, त्याची घरघर थोडा वेळ ऐकू येते, ती सोडून द्या. पश्चिमेला बुखेनडोर्फकडे निघा, तिथून परत झाडीतून लॉइटश्टेटेन, आणि वुर्म नदीच्या बाजूने स्टार्नबर्ग. ही नदी त्याच तळ्यातून निघते, म्हणजे पाण्याच्या उलट दिशेने गेलात की तळं येणारच. सगळं मिळून २५ किमीच्या आसपास, चढ किरकोळ. गावांपाशी गाड्यांचे रस्ते लागतात, तेवढे उतरून ओलांडा.

स्टार्नबर्गचं स्टेशन अगदी पाण्याला लागून आहे. 'स्टार्नबर्ग नॉर्ड' वेगळं, तिथे जाऊ नका. परत येताना एस-बानची (म्हणजे इथली लोकल) एस-६ पकडा आणि डोनर्सबर्गरब्रुकेला एस-७ मध्ये बदला. सोमवार ते शुक्रवार सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ४ ते ६ एस-बानमध्ये सायकल नेता येत नाही. सायकलचं तिकीट वेगळं काढा, डॉइचलँडटिकेटात (देशभर चालणारा महिन्याचा पास) ते धरलेलं नाही.

सायकल ट्रेकिंगचीच घ्या, सरळ हँडलची. टायर ४० मिमीच्या पुढे असला की झालं, ट्यूब असेल तर हवा अडीच-तीन बार पुरे, दगडासारखी कडक भरून देत असतील तर सोडायला लावा.

आणि आता खरं महत्त्वाचं, जे कोणी सांगत नाही. आपल्याकडच्या सायकलींना सहसा उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, इथे डाव्या हाताला. बाबांना चाळीस-पन्नास वर्षांची सवय असणार, घाईत ते मागचा समजून डावा दाबणार आणि सुट्या खडीवर वळणात पुढचं चाक अडकलं की माणूस खालीच. उजवी-डावी बाजू जंगलात विसरायला होते, ब्रेक नाही होत. दुकानदाराला सांगून ब्रेक अदलाबदल करून घ्या, केबलचे असतील तर थोडक्यात होतं. काही सिटी सायकलींना पेडल उलटं मारलं की ब्रेक लागतो, तसली घेऊच नका.

इझारकाठी:
खडीवाल्यांशी सहमत, पण इझार नदीला का वगळलं? ग्र्युनवाल्डच्या बाजूच्या त्या झाडांच्या मुळांवरून जाणाऱ्या ट्रेलवर काकांना नेऊ नका, ती पोरांची गंमत आहे. पण श्ट्रासलाखच्या खाली म्यूहलटालला कालव्याशेजारची वाट बघा. तिथे तराफ्यांची घसरगुंडी आहे, वोल्फ्राट्सहाउझेनहून ओंडक्यांचे तराफे येतात, वर बँड, बिअर, पन्नासेक माणसं, आणि तो अख्खा तराफा पाण्यासकट घसरगुंडीवरून खाली येतो तेव्हा पुढच्या रांगेतले गुडघ्यापर्यंत भिजतात आणि बँडवाले वाजवतच असतात. काकांना दारू आवडत नसली तरी हे बघायला आवडेल.

आणि तळीच हवी असतील तर ऑस्टरझेन. रेल्वेने इफेलडोर्फला उतरायचं, वीसेक छोटी तळी, हिमयुगातले बर्फाचे प्रचंड तुकडे मागे राहून वितळले त्या खड्ड्यांत झालेली. मोटरबोट नाही, कठडा नाही, काळंशार पाणी. मात्र संरक्षित भाग आहे, काही वाटांवर सायकलला मनाई आहे, पाटी दिसली की खाली उतरा. पोहण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत.

औग्सबुर्गची_सून:
अगं डब्याची काळजी कशाला करतेस! बायर्नमध्ये (म्हणजे बव्हेरियात, आपल्या या राज्यात) बिअरगार्टनला स्वतःचं खाणं आणायची पद्धतच आहे, प्यायचं मात्र तिथलं घ्यायचं. १८१२ साली राजाने बिअर बनवणाऱ्यांना तळघराबाहेर बिअर विकायची परवानगी दिली पण जेवण विकायला बंदी घातली, त्यातून ही पद्धत आली. टेबलक्लॉथ नसलेल्या बाकावर बसायचं, कारण टेबलक्लॉथ असेल तिथे वेटर येतो आणि तिथे डबा चालत नाही. आम्ही धपाटे, ठेचा, दही घेऊन बसतो, शेजारचे आजोबा वाकून विचारतात काय आहे म्हणून. बाबांना आपफेलशोर्ले दे, सफरचंदाचा रस आणि सोडा.

एक सिरीयस गोष्ट. गोचीड. बायर्नचा जवळजवळ सगळा भाग एफएसएमईच्या (गोचीड चावून होणारा मेंदूज्वर) धोक्यात धरलेला आहे. त्याची लस असते पण डोस अंतराने घ्यावे लागतात, तेव्हा आत्ताच डॉक्टरांना विचार, आल्यावर नको. गोचिडीनेच होणाऱ्या लाइम रोगाला तर इथे लस मिळतही नाही. गवतात डबा उघडून बसू नका, बाकावर बसा, आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कानामागे बघायला लाव. बाबा लाजतील, तरी बघायला लाव.

खडीवाला:
वहिनींनी बरी आठवण केली. अजून दोन राहिले. लाकूडतोड चालू असेल तर लाल-पांढरी पट्टी आणि जिवाला धोका अशी पाटी असते, शनिवारी कोणी दिसलं नाही तरी आत जायचं नाही, अर्धवट कापलेलं झाड कधीही पडतं. आणि इथल्या कायद्याने रानवाटेवर पहिला मान चालणाऱ्याचा, लांबूनच घंटी वाजवून हळू व्हायचं.

सातारची_लेक:
किती छान सांगितलंत सगळ्यांनी! ब्रेकचं तर माझ्या स्वप्नातही आलं नसतं. बाबांना फोनवर विचारलं, उजवा पुढचाच म्हणाले, आणि वर "त्यात काय विचारायचं". दुकानात फोन केला, आदल्या दिवशी आणून द्या, बदलून देऊ म्हणाले, हायड्रॉलिक (केबलऐवजी तेलावर चालणारे) ब्रेक असतील तर मात्र जमणार नाही, म्हणून केबलवालीच राखून ठेवायला सांगितली. लशीसाठी डॉक्टरांची वेळ उद्याची घेतलीये.

एकच शंका उरली, बुखेनडोर्फच्या पुढे फोनला रेंज असते का? बाबा पुढे निघून जातात आणि मागे वळून बघत नाहीत.

खडीवाला:
मध्ये मध्ये जाते. कोमूट या नकाशाच्या अ‍ॅपवर रूट ऑफलाइन उतरवून त्यांच्या हँडलवर लावा आणि प्रत्येक फाट्यावर थांबायचं ठरवून घ्या. फाटे सगळे सारखेच दिसतात, पण गेरॉइम्टची नावं झाडांवरच्या पाट्यांवर असतात, फोन लागला तर ते नाव वाचून दाखवायला सांगा.