देवमासा नक्की किती जगतो? कुणी ३० म्हणतं कुणी २००

उन्हाळी_पाऊस:
मंडळी एक प्रश्न आहे, हसू नका. पोरगी सातवीत आहे, तिला जास्त जगणाऱ्या प्राण्यांचा तक्ता करायचाय. मी आपलं ठोकून दिलं की देवमासा शंभर वर्षं जगतो. तिने नेटवर शोधलं तर एके ठिकाणी ३०, एके ठिकाणी ९० आणि एके ठिकाणी चक्क २०० च्या वर. आता म्हणते बाबा तुम्ही काहीही फेकता. तर खरा आकडा कुठला? आणि हे वय मोजतं कोण, जन्मदाखला असतो का त्यांचा? तिसरा प्रश्न तिचाच आहे आणि मलाही उत्तर येईना, की पाण्यातच राहायचं होतं तर कल्ले का नाही फुटले, सारखं वर येऊन श्वास घ्यायची कटकट कशाला?

सागरगोटा:
फेकलं नाहीत, पण प्रश्नच थोडा गंडलाय. देवमासा हा एक प्राणी नाही, डॉल्फिन वगैरे धरले तर नव्वदच्या आसपास जाती होतात. म्हणजे "चार पायांचे प्राणी किती जगतात" असं विचारल्यासारखं झालं, उंदीर पण आला आणि हत्ती पण. पॉरपॉइज म्हणून छोटे असतात त्यातले बरेचसे दहा-बारा वर्षांतच जातात. स्पर्म व्हेल ६०-७०, निळा देवमासा ८०-९०. आणि २०० वाला म्हणजे बोहेड, उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ समुद्रातला.

वय कसं मोजतात ते मात्र भारी आहे. दात असलेल्यांचा दात उभा कापतात, आत झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात, ती मोजायची. पण निळ्या देवमाशाला दात नसतातच, झालर असते तोंडात. मग काय करतात, तर कानातला मळ! खरंच. त्यांच्या कानाची वाट बाहेरून बंद असते त्यामुळे मळ बाहेर पडत नाही, जन्मभर आत साठत राहतो आणि त्याचा वीतभर लांबीचा मेणचट खुंटा होतो. उभा चिरला की फिकट पट्टा, गडद पट्टा, फिकट, गडद असं दिसतं. भरपेट खायचा हंगाम आणि लांबचा प्रवास करत उपाशी राहायचा हंगाम, त्याचे ते पट्टे. त्यात तणावाचे हार्मोन पण सापडतात, म्हणजे कुठल्या वयात जीव किती घाबरलेला होता तेही कळतं. फक्त हे सगळं मेल्यावरच बघता येतं.

बोहेडचं वय डोळ्याच्या भिंगावरून काढलं. भिंगाच्या मधलं प्रोटीन जन्मापासून तेच राहतं आणि त्यातलं एक अमिनो आम्ल ठरावीक वेगाने रूप बदलतं, ते किती बदललं त्यावरून हिशोब. १९९९ साली तो हिशोब छापून आला, त्यात एक नर २११ वर्षांचा निघाला. थोडं इकडेतिकडे होऊ शकतं या पद्धतीत, पण दुसरा पुरावा पण आहे. २००७ मध्ये अलास्कात मारलेल्या एका बोहेडच्या खांद्याजवळच्या हाडात जुन्या शिकारी भाल्याचं टोक रुतलेलं सापडलं, १८८० च्या सुमाराचं, अमेरिकेतल्या न्यू बेडफर्डला बनलेलं. म्हणजे कुणीतरी त्याला मारायला गेलं, तो निसटला, आणि ते लोखंड अंगात घेऊन शंभर वर्षांच्या वर पोहत राहिला.

पक्या_ऑनलाइन:
थंड पाणी = सगळं स्लो = २०० वर्षं. सिंपल आहे, एवढं काय

सागरगोटा:
@पक्या सिंपल असतं तर त्याच बर्फातले सील पण दोनशे जगले असते, त्यांनी चाळिशी गाठली तरी खूप. खरं कोडं वेगळंच आहे. एवढं अवाढव्य शरीर म्हणजे पेशी किती, आणि दोनशे वर्षं त्या विभागत राहणार, मग कॅन्सर आपल्यापेक्षा कितीतरी पट जास्त व्हायला हवा. होत नाही. बोहेडच्या पेशी तुटलेला डीएनए जास्त नीट जोडतात असं दिसलंय, आणि २०२५ मध्ये त्यामागचं एक प्रोटीन पुढे आलं, त्याचं नाव सीआयआरबीपी. गंमत म्हणजे ते थंडीत जास्त बनतं. त्यामुळे पक्या अगदीच चुकला नाही, अर्धा मार्क.

पक्या_ऑनलाइन:
अर्धा तर अर्धा 😎

खडू_फळा:
कल्ल्यांचा प्रश्न फार चांगला विचारलाय पोरीने, माझ्या वर्गात पण दरवर्षी कुणीतरी विचारतंच. आधी एक, नावात मासा आहे म्हणून आपण फसतो. हे आपल्यासारखेच सस्तन, पिल्लाला दूध पाजणारे. यांचे पूर्वज ५ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर चार पायांनी चालायचे, पाकिस्तानात सापडलेला पाकिसेटस त्यातला, आणि काश्मीरात सापडलेला इंडोह्यूस हा त्यांचा जवळचा भाऊबंद, मांजरापेक्षा थोडा मोठा आणि खूर असलेला. आजचा सगळ्यात जवळचा नातेवाईक पाणघोडा. तर पाण्यात उतरताना जे शरीर होतं त्यालाच ठोकूनठाकून वापरलंय, नवीन घर बांधलेलं नाही. शेपटी बघा, मासा डावीउजवीकडे हलवतो आणि देवमासा वरखाली, कारण जमिनीवर पळताना सस्तन प्राण्याचा कणा वरखालीच वाकतो. परात कापून बघितली, म्हणजे पुढचं वल्हं हो, तर आत दंडाचं हाड, मनगट, बोटं सगळं शाबूत. मागचे पाय गेले पण कमरेची दोन हाडं अजून आत अधांतरी लटकतायत.

आता कल्ले. एक लिटर हवेत २०० मिलिलिटरच्या वर ऑक्सिजन असतो, एक लिटर समुद्राच्या पाण्यात १० मिलिलिटर पण नाही. एवढं मोठं गरम रक्ताचं शरीर त्यावर चालवायचं म्हणजे दिवसभर पाणीच गाळत बसावं लागेल, आणि कल्ल्यातून अंगातली गरमी पण निघून जाणार. त्यामुळे वर येऊन एक श्वास घेणं ही कटकट नाही, फायद्याचा सौदा आहे. नाकपुड्या सरकत सरकत डोक्यावर गेल्या की तोंड वर काढायलाही नको. आपण एका श्वासात फुप्फुसातली १०-१५ टक्के हवा बदलतो, ते ८०-९० टक्के बदलतात. आणि खरा साठा फुप्फुसात नाही, स्नायूंत आहे, मायोग्लोबिन म्हणजे ऑक्सिजन धरून ठेवणारं प्रोटीन, ते इतकं ठासून भरलेलं की मांस जवळजवळ काळं दिसतं. खोल गेल्यावर फुप्फुसं दाबली जाऊन मिटतात, हृदय मंदावतं. निळ्या देवमाशाच्या अंगाला यंत्र चिकटवून मोजलं तर बुडी मारल्यावर मिनिटाला २ ठोक्यांपर्यंत खाली गेलं होतं. क्युव्हिएर नावाच्या चोचवाल्या देवमाशाची एक बुडी ३ तास ४२ मिनिटांची नोंदली आहे. आणि श्वास आपोआप चालत नाही, आठवणीने घ्यावा लागतो, म्हणून डॉल्फिन वगैरे अर्धा मेंदू झोपवतात आणि अर्धा जागा ठेवतात.

निशिगंध_७:
परात कुठून आली मधेच सर 😂 पर म्हणायचं असेल

खडू_फळा:
हो हो पर. मोबाईलचा कीबोर्ड आहे, काही बोलू नका.

निशिगंध_७:
ऑर्काचं, म्हणजे किलर व्हेलचं, कुणी सांगितलंच नाही. नर साधारण तिशीत जातात, माद्या ८० च्या पुढेही गेल्यात, आणि चाळिशीच्या आसपास पिल्लं होणं थांबतं तरी पुढे कितीतरी वर्षं जगतात. सस्तन प्राण्यांत हे फार दुर्मिळ. मग निसर्गाने ठेवलंय कशाला त्यांना? तर अमेरिका-कॅनडाच्या किनाऱ्यालगतच्या कळपांत सॅल्मन कमी झाला की पुढे म्हाताऱ्या असतात, कुठे मासा मिळेल ते त्यांच्या लक्षात असतं. आजी मेली की नातवंडं मरायचं प्रमाण पण वाढतं.

आणि एक, छोटा आकडा दिसला म्हणजे ती जातच अल्पायुषी असं समजू नका. राइट व्हेल बघा. दक्षिणेकडचे १३० च्या पुढे जाऊ शकतात असा हिशोब २०२४ मध्ये आला, आणि उत्तर अटलांटिकमधले त्यांचेच भाऊबंद सरासरी २२ च्या आसपास. शरीरात फरक नाही हो, जहाजांची धडक आणि मासेमारीच्या दोऱ्या. म्हातारं होऊच देत नाही आपण.

उन्हाळी_पाऊस:
बापरे, एवढं कुणी सांगेल वाटलं नव्हतं. सगळं वाचून दाखवलं तिला. कानातल्या मळावर दहा मिनिटं ईईई चाललं होतं आणि आता तक्त्यात नेमका तोच काढलाय, रंगीत पट्ट्यांसकट. बोहेड पहिल्या नंबरवर टाकलाय, २०० च्या वर असं लिहून.

सागरगोटा:
पहिल्या नंबरवर नका टाकू! ग्रीनलंड शार्क पुढे आहे, कमीत कमी २७२ वर्षं, २०१६ चा हिशोब, त्याचंही वय डोळ्याच्या भिंगावरूनच काढलंय. सस्तन प्राण्यांत बोहेड पहिला असं लिहा.

उन्हाळी_पाऊस:
अहो रात्रीचे साडेअकरा वाजलेत, फेविकॉल वाळलाय. वर एक पट्टी चिकटवून "सस्तन" लिहितो, ती झोपल्यावर.