मदत हवी आहे: ऊसपट्ट्यातल्या गावांत बिबट्याबद्दलची माहिती लोकांपर्यंत नेमकी कशी पोचवावी?

बांधावरची

गाळप हंगाम तोंडावर आला आहे. बागायती ऊसपट्ट्यातल्या काही गावांसाठी ग्रामपंचायत आणि शाळा मिळून बिबट्याविषयी माहितीचा कार्यक्रम ठरवत आहोत. तयार मिळणाऱ्या साहित्यात अन्नसाखळी, निसर्गाचा समतोल, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली अनुसूची १ एवढंच असतं. दिवस मावळताना वैरण आणायला निघालेल्या बाईला किंवा रात्रीच्या लाईटवर दारं धरणाऱ्या (पिकाला पाणी देणाऱ्या) शेतकऱ्याला त्यातलं काही कामी येत नाही. ग्रामसभेत तर पहिला प्रश्न ठरलेला: "पिंजरा लावून एकदाचा घेऊन का जात नाही?" त्याला काय उत्तर द्यावं? ऊसतोड टोळ्यांपर्यंत कसं पोचावं? गोठ्याबद्दल नेमकं काय सांगावं? मापांसकट, करता येण्यासारखं सांगितलंत तर बरं होईल.

पाऊलठसा

ताई, आधी क्रम उलटा करा. बिबट्या का वाचवायचा हे शेवटी सांगा, किंवा पहिल्या बैठकीत सांगूच नका. सुरुवात संध्याकाळी सहा ते सकाळी आठ या वेळेपासून करा. या वेळात कोण बाहेर असतं, कशासाठी आणि कुठल्या वाटेनं जातं, हे लोकांकडूनच काढून गावाच्या नकाशावर मांडा. शौचाला जाणं, दूध घालणं, दारं धरणं, शिकवणीहून परतणारी मुलं, उसाला लागून असलेली वस्ती. प्रत्येक जागेसमोर काय बदलता येईल ते तिथंच ठरवा.

धोक्याचं मूळ समजावताना एक गोष्ट करून दाखवा. एकाला उभं करा, दुसऱ्याला उकिडवं बसवा. वाकलेला किंवा बसलेला माणूस बिबट्याला उंचीनं कुत्र्या-शेळीएवढा भासतो. लहान मूल तर उभं असलं तरी तेवढंच. म्हणून अंधारात मूल दोन मोठ्यांच्या मध्ये चाललं पाहिजे, पुढं पळायला नको आणि मागंही रेंगाळायला नको. काठी, बॅटरी आणि मोबाईलवर मोठ्यानं लावलेलं गाणं या तिन्हींचा उपयोग एकच: आपण येतोय हे त्याला आधी कळावं. समोर आलाच तर पाठ फिरवून पळू नये, खाली बसू नये. हात वर करून मोठ्यानं ओरडत, तोंड त्याच्याकडे ठेवून मागं सरकावं.

आता पिंजरा. या प्रश्नाला बगल दिलीत तर पुढचं कुणी ऐकणार नाही. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर भागात २००१ पासून पुढच्या दोन-तीन वर्षांत शंभराहून अधिक बिबटे पकडले गेले आणि त्यातले बरेच दुसरीकडच्या जंगलांत सोडले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या आकड्यांचा अभ्यास केला. माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, ते १७ वर गेले. कारण सरळ आहे. जागा मोकळी झाली की शेजारचा, बहुधा तरणा, बिबट्या तिथं शिरतो. उचलून नेलेला अनोळखी मुलखात भांबावतो, तिथं माणसांच्या जवळ येतो किंवा मूळ जागेकडे परतायला बघतो. हे सांगा. आणि त्याच दमात हेही स्पष्ट सांगा की माणसावर हल्ला झाला तर वनविभाग परवानगी घेऊन पिंजरा लावतो आणि लावायलाच हवा. नुसता दिसला म्हणून लावायचा नाही, हा फरक लोकांना पटतो. "पिंजरा कधीच नको" असं म्हणणाऱ्याचं मात्र कुणी ऐकत नाही.

एक माहिती सभेत हमखास चर्चा उघडते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात उसाच्या भागात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशेबानं ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला आणि शेळ्यांचा ११. शेळ्या तिथं कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त होत्या, तरीही. म्हणजे कोंबड्यांच्या शेडमागे टाकलेली मेलेली कोंबडी, हॉटेलामागचं खरकटं आणि त्यावर पोसलेली कुत्र्यांची टोळी हेच बिबट्याचं आमंत्रण. ग्रामपंचायतीला हातात घेता येईल असं काम इथं आहे: मेलेल्या कोंबड्यांसाठी झाकणाचा खड्डा आणि कचऱ्याची रोजची उचल.

फडावर

टोळ्यांबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त उघड्यावर तीच माणसं असतात आणि ग्रामसभेत त्यांचं कुणी नसतं.

गावाच्या कार्यक्रमाला त्यांना बोलावू नका, ते येणार नाहीत. पहाटे अंधारात फड (उसाची तोडणी) सुरू होतो आणि गाडी भरेपर्यंत कुणाला उसंत नसते. कारखान्याच्या शेतकी विभागाकडून टोळ्या कुठं उतरणार याची यादी घ्या. चिटबॉयला, म्हणजे तोडणीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, पक्कं माहीत असतं. कोप्या (टोळीच्या राहायच्या झोपड्या) घालायच्या दिवशीच पोचा, कारण त्या दिवशी जागा बदलता येते, आठवड्यानं येत नाही. आधी मुकादमाशी (टोळीच्या प्रमुखाशी) बोला, पण माहिती बायकांना द्या. रात्री मुलं कुठं झोपतात आणि पहाटे त्यांना कुणाजवळ सोडून जातात, हे त्यांनाच ठाऊक.

सांगायच्या गोष्टी मोजक्या ठेवा. कोपी उभ्या उसाला चिकटून नको, मध्ये मोकळं रान हवं. कोपीचं तोंड मोकळ्या बाजूला, उसाकडे नाही. मुलं आतल्या बाजूला, मोठी माणसं दाराकडे. चूल आणि भांडी घासायची जागा उजेडात. शिळंपाकं कोपीजवळ टाकू नये, त्यानं कुत्री जमतात. बैल असतील तर ते माणसांच्या झोपायच्या जागेपासून थोडे लांब, पण दिव्याच्या उजेडात बांधावेत. पहाटे फडावर जाताना लहान मुलाला बांधावर एकटं झोपवून ठेवू नये. टोळीतली एक बाई आळीपाळीनं मुलांजवळ थांबेल असं मुकादमाकडून कबूल करून घ्या. हे सगळ्यात अवघड आहे, कारण एक कोयता (तोडणारं माणूस) कमी झाला की उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फिटायला वेळ लागतो. नुसत्या उपदेशानं ते होणार नाही. कारखान्यानं किंवा ग्रामपंचायतीनं अंगणवाडी, साखरशाळा (टोळीच्या मुलांची हंगामी शाळा) किंवा एखादी पत्र्याची बंद खोली दिली तरच होईल. तेवढी मागणी लेखी करा.

कागद वाटू नका. मोठ्या चित्रांचे पाच तक्ते, वीस मिनिटं, आणि शेवटी प्रत्येक कोपीला एक बॅटरी. बॅटरीवर १९२६ हा वनविभागाचा टोल फ्री क्रमांक रंगानं लिहून द्या.

गोठाआखणी

गोठ्याबाबत लोक खर्च चुकीच्या जागी करतात. भिंत सहा फूट की आठ, यावर वाद घालतात आणि वरून उघडी ठेवतात. बिबट्या झाडावर चढणारा प्राणी आहे, छत नसेल तर उंचीला काही अर्थ नाही. मोठ्या जनावरांना सहसा तो हात लावत नाही. शेळ्या, मेंढ्या आणि वासरं यांच्यासाठी बंदिस्त जागा हवी.

चारही बाजूंना आणि वर दोन इंची चौकोनाची तारेची जाळी, चांगल्या जाड तारेची. कोंबड्यांची पातळ जाळी तो पंजानं फाडतो. खालच्या कडेला जाळी फूटभर जमिनीत गाडा किंवा दगड-सिमेंटची पट्टी घाला, नाहीतर तो उकरून फट मोठी करतो. पत्र्याचं छत असेल तर पत्रा आणि भिंत यांच्यामधली मोकळी पट्टी विसरू नका, आत शिरायची नेहमीची जागा तीच. दार आत ढकललं जाणारं नको. बाहेर उघडणारं, वर आणि खाली अशा दोन कड्यांचं हवं. एक कडी असली की तो खालचा कोपरा वाकवतो.

सगळ्यांना परवडत नसेल तर तीन-चार घरांनी मिळून शेळ्यांपुरता एकच बंदिस्त कोंडवाडा करावा.

खुरपं

लुकलुकणारे सौर दिवे आणि फटाके सुचवा. स्वस्त पडतात आणि लगेच लावता येतात.

गोठाआखणी

दिवे चालतात, पण जागा बदलत राहिलात तर. एकाच खांबावर राहिलेल्या दिव्याची त्याला सवय होते. चार-पाच दिवसांनी जागा आणि उंची बदला, आणि दिव्याच्या भरवशावर गोठा उघडा ठेवू नका. फटाके मात्र नकोत. दिवसा बिबट्या उसात बसलेला असताना चारही बाजूंनी गर्दी करून फटाके वाजवले की त्याला बाहेर पडायला वाट राहत नाही, मग तो माणसांच्या अंगावरून वाट काढतो. दिवसा माणसं जखमी होतात ती बहुतेक अशीच. लोकांना एवढंच सांगा: दिसला तर शंभर-दोनशे मीटर मागं व्हा, एक बाजू मोकळी सोडा, १९२६ ला फोन करा, अंधार पडू द्या.

बांधावरची

सगळ्यांचे मनापासून आभार. नकाशाची कल्पना लगेच घेते. अजून दोन गोष्टी. तोडणी सुरू झाली की उसात पिल्लं सापडतात आणि अर्ध्या तासात त्यांचे फोटो सगळीकडे फिरतात. तिथं काय सांगावं? आणि शेळी मारली गेली तर भरपाईच्या कामात लोक कुठं अडकतात?

पाऊलठसा

पिल्लांचं आधी, कारण इथली चूक थेट हल्ल्यापर्यंत जाते. आई रात्री त्याच जागी परत येते. पिल्लू तिथं नसेल तर ती आसपास फिरत, बिथरून शोधत राहते, आणि त्या रात्री जवळच्या कोपीतला माणूस खऱ्या धोक्यात असतो. म्हणून पिल्लू दिसताच त्या सरीतली तोडणी थांबवायची, माणसं मागं घ्यायची, पिल्लू आहे तिथंच ठेवायचं आणि फोन करायचा. वनविभागाची माणसं आणि पशुवैद्य येऊन तपासतात. दिवस मावळताना पिल्लू त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात, कॅमेरा लावतात आणि दूर होतात. आई बहुतेकदा रात्रीतून घेऊन जाते. पहिल्या रात्री आली नाही तर दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवतात. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते हा समज खरा नाही, पण जागा बदलली तर तिला ते सापडत नाही. ज्याचा ऊस आहे त्याला एक-दोन दिवस फड दुसरीकडे वळवावा लागेल, हे कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याकडून आधीच मान्य करून ठेवा. ऐन वेळी गाडी उभी असताना कुणी थांबत नाही.

सापडलेली सगळी पिल्लं बिबट्याची नसतात. रानमांजराच्या पिल्लाच्या अंगावर फिकट पट्टे असतात. वाघाटीचं पिल्लू अगदी लहान, कपाळावर पांढऱ्या रेघा आणि अंगावर ठिपक्यांच्या ओळी. बिबट्याचं पिल्लू मळकट, दाट गडद ठिपक्यांचं, पंजे अंगाच्या मानानं जाड. ओळख पटो न पटो, नियम तोच.

शाळेत हाच धडा ठशांवरून घ्या. बिबट्याच्या ठशात नखं उमटत नाहीत, कुत्र्या-तरसाच्या ठशात उमटतात. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा ठळकपणे मोठा असतो. ओल्या मातीत ठसा सापडला तर भोवती पुठ्ठ्याची पट्टी लावून, दोन वाट्या प्लास्टर ऑफ पॅरिसला एक वाटी पाणी या मापानं कालवून ओता आणि अर्ध्या तासानं उचला. पाणी जास्त झालं तर साचा ठिसूळ होतो. मुलांनी घरी जाऊन "तो कुत्रा होता" असं सांगितलं की निम्म्या अफवा तिथंच थांबतात.

फडावर

भरपाईत अडकतं ते दोनच ठिकाणी. मेलेलं जनावर हलवलं किंवा पुरलं जातं, आणि कळवायला उशीर होतो. ४८ तासांच्या आत वनरक्षक किंवा वनपाल यांना कळवायचं आणि पंचनामा होईपर्यंत जनावर जागेवर राहू द्यायचं. कुत्री येऊ नयेत म्हणून वर काटेरी फांद्या टाका, पण ओढत नेऊ नका, कारण फरफटीच्या आणि मानेवरच्या दातांच्या खुणा हाच पुरावा. मोबाईलवर जागेची आणि वेळेची नोंद दिसेल असे फोटो काढा. रक्कम शासन निर्णयाप्रमाणे बदलते, म्हणून तक्त्यावर आकडा छापू नका, वनपरिक्षेत्र कार्यालयातून हंगामाच्या सुरुवातीला विचारून खडूनं लिहा. रागानं मेलेल्या जनावरावर विष टाकणारे असतात. त्यात गावातली कुत्री, घारी आणि दुसऱ्याची गुरंही मरतात आणि गुन्हा वेगळा दाखल होतो. हे पंचनाम्याच्या वेळी, सगळे जमलेले असताना, वनपालांकडूनच सांगून घ्या.

माणूस जखमी झाला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवून लगेच दवाखाना. रेबीजची लस आणि जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही लागतात. हळद, चुना काही भरायचं नाही. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात दोन्ही शिल्लक आहेत का, हे टोळ्या उतरायच्या आधी विचारून ठेवा आणि नसेल तर कुठं मिळेल त्या रुग्णालयाचं नाव तक्त्यावर, १९२६ च्या खाली लिहा.