मदत हवी आहे: एनएसजी उंदरांत एआरटीचा परिणाम दिसायच्या आत जीव्हीएचडी

नमस्कार. एनएसजी (स्वतःची प्रतिकारशक्ती जवळजवळ नसलेल्या) उंदरांना निरोगी दात्याच्या १ कोटी पीबीएमसी (रक्तातल्या पांढऱ्या पेशी) पोटाच्या पोकळीत टोचून देतो. तिसऱ्या आठवड्यात रक्तात मानवी पेशी छान दिसतात, मग सीसीआर५ (पेशीवरचं एक प्रथिन) वापरून पेशीत शिरणाऱ्या एचआयव्हीची लागण करतो. सीडी४ टी पेशी (एचआयव्हीचं मुख्य लक्ष्य) घटतात, इथवर ठीक. पण एआरटीने (एचआयव्हीवरच्या औषधांनी) विषाणू दबेपर्यंत सहावा आठवडा उजाडतो आणि तोवर जीव्हीएचडीने (दिलेल्या मानवी पेशी उंदराच्याच शरीरावर हल्ला करतात, त्या आजाराने) वजन उतरतं. २० टक्के घट झाली की उंदीर प्रयोगातून काढावा लागतो, आणि ते योग्यच आहे.

पेशी निम्म्या केल्या. आजार आठवडाभर लांबला, पण पेशी रुजण्यात उंदरागणिक फार फरक पडला. दाता बदलूनही फायदा नाही. विषाणू न दिलेल्या गटाचंही वजन तसंच उतरतं, म्हणजे दोष एचआयव्हीचा नाही. पीबीएमसीऐवजी सीडी३४ (रक्तपेशी तयार करणाऱ्या) मूळपेशी दिल्या तर टी पेशी यायला तीनएक महिने जातात, तेवढी मुदत नाही. भ्रूण-ऊती मिळत नाहीत, म्हणून बीएलटीही (मानवी भ्रूणाच्या यकृत-थायमसच्या ऊती आणि मूळपेशी बसवलेले उंदीर) बाद.

नाईव्ह (अजून कोणत्याही प्रतिजनाशी गाठ न पडलेल्या) पेशी काढून फक्त मेमरी (आधी गाठ पडलेल्या) सीडी४ दिल्या तर आठ-दहा आठवडे हाती लागतात का? की एमएचसी वर्ग १ आणि २ (मानवी टी पेशी ज्यांवरून उंदराच्या पेशी परक्या ओळखतात ती प्रथिनं) नसलेले एनएसजीच घ्यावेत? कोणी स्वतः केलं असेल तर पेशी किती दिल्या आणि लागण कितव्या दिवशी केली?